नाही दिसलं

४ जानेवारी

ताई,

बटण बसलं एकदाचं!

बाहीवर बसलं म्हणायचंय मला. जादूगारांच्या मंडळात अजून मी कुठे बसले आहे? तेव्हा हुरळून जाऊ नकोस. पण बसलं. काल औषधांच्या दुकानातून आले, चपला तशाच पायात, आणि आरशासमोर करून पाहिलं. मग पुन्हा केलं. मग हसू यायला लागलं आणि हसताना हात हलतो म्हणून थांबले.

खेळ काय आहे तो सांगते. आतलं सांगणार नाही, ते तुला कधीच सांगत नाही, नजर बाटते. समोरचा माणूस एक बटण उचलतो आणि त्यावर शाईने स्वतःची खूण करतो. मी ते त्याच्या मुठीत देते, घट्ट धरा म्हणते. माझ्या उजव्या बाहीचं बटण तुटलेलं, नुसता दोरा लोंबतोय. मी तो दोरा हलकेच ओढते. आणि त्याच्या खुणेचं बटण माझ्या बाहीला, चारही भोकांतून दोरा गेलेलं, शिवलेलं! तो मूठ उघडतो तर तिथे भलतंच कोरं बटण.

दिसायला एवढंसं आहे, पण किती बटणं वाया घालवली ते विचारू नकोस. शिंगाचं बटण नखाला लागून टक् वाजतं. धातूचं चमकतं आणि चुगली करतं. आधी लोहचुंबक लावून पाहिला, तर बटण असं झेपावलं की माझीच मी दचकले. शेवटी जुन्या कोटाची हाडाची बटणं मिळाली. ती हाताच्या उबेने लगेच कोमट होतात. मूठ मिटलेल्या माणसाला कळतच नाही की आपलं गेलं आणि दुसरं आलं.

बाकी सगळा सराव माझ्या जुन्या नियमाने: जो हात लपवतो त्याच्याकडे बघायचं नाही. एकटी असताना नाही, आरशातही नाही. आपली नजर गेली की समोरच्याची जाते. इतक्या वर्षांत मी माझ्या डाव्या हाताकडे खेळ करताना एकदाही पाहिलेलं नाही. खोटं वाटेल, पण शपथेवर सांगते.

मंडळाची बैठक मार्चमध्ये आहे. तुला त्यांची पद्धत माहीत आहे. छापखान्यावरच्या खोलीत लांब टेबल, भोवती सगळे खेळ रचणारे म्हातारे, त्यांच्या नाकासमोर खेळ करायचा आणि ते फक्त 'जमलं' नाहीतर 'नाही जमलं' म्हणणार. का नाही, ते सांगायचं नाही असा त्यांचा दंडक. कुठे पकडलं हे सांगणं म्हणजे शिकवणं, आणि तिथे शिकवायला कोणी बसलेलं नाही. माझं दोनदा नाही जमलं. तिसऱ्यांदा नाही जमलं की नाव कायमचं खोडतात. जमलं तर खेळ माझ्या नावाने त्यांच्या पत्रकात छापून येईल, आणि मी कधी न पाहिलेल्या गावात कोणीतरी ते बटण शिवेल आणि म्हणेल, हा अमक्या बाईंचा खेळ. ताई, मला पोर ना बाळ. एवढं एक राहावं मागे असं फार वाटतं.

दोन्ही वेळा आधी तुला खेळ दाखवला, तेव्हा तू 'नाही दिसलं' म्हणाली होतीस. तुझ्यासारख्या रफूवालीच्या नजरेतून सुटलेलं त्या म्हाताऱ्यांना दिसतं हे काही मला पटत नाही. तिथे गेल्यावर मीच घाबरून काहीतरी बिघडवत असणार.

रविवारी येऊ का दाखवायला?

तुझी बारकी

१५ जानेवारी

बारके,

तुझं पत्र वाचलं. चपला काढून मग आरशासमोर जावं, एवढं तरी वय झालंय तुझं.

ये रविवारी. विचारतेस काय? खिडकी तीच, खुर्ची तीच, खुर्चीवर मी तीच. मी कुठे जाणार?

परवा एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आली. बाहीला विडीने पडलेलं भोक. म्हणाली, असं रफू करा की त्यांनाही कळू नये. मी म्हटलं, बाई, भोक त्यांनीच पाडलंय ना? तर म्हणाली, नाही हो, मी! दोघी हसलो. केलं रफू. नवरा अंगातल्या कोटाकडे जन्मभर बघेल आणि त्याला कळणार नाही. या कामाचं हेच आहे बघ. उत्तम झालं तर कोणाला काही दिसत नाही, म्हणजे तू काही केलंच नाहीस.

डोळे ठीक आहेत. संध्याकाळच्या उजेडातही सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. तेव्हा काळजी करू नकोस, जे दिसायचं ते मला दिसेलच.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

परत आल्यापासून मी हवेत आहे. दुकानात आज एका आजोबांना खोकल्याच्या औषधाऐवजी गुडघ्याचं तेल बांधून देत होते!

तू ज्या तऱ्हेने बघितलंस ना, तसं कोणी बघत नाही. भिंग बाजूला ठेवलंस, म्हणालीस, तुझ्यासाठी ते कशाला. स्वतःच्याच डब्यातलं बटण घेतलंस आणि त्यावर छोटीशी फुली केलीस. मी तुझ्या मुठीत बटण दिलं, तेव्हा तुझे डोळे अगदी स्थिर होते. आणि नेमकं त्याच क्षणी तू किंचित हसलीस. मी ओळखलं, खेळ तुझ्यावर चालला.

"नाही दिसलं."

मी विचारलं, नक्की? तर तू म्हणालीस, "तुझं माझं काय वैर आहे का, खोटं सांगायला?" मला एकदम लाज वाटली.

आता आतलं सांगते, कारण बाही तूच शिवून द्यायची आहेस. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते जमणार नाही. तुझ्या मुठीत गेलं ते कोरं बटण. खुणेचं माझ्या डाव्या तळव्यात, बोटांच्या मुळाशी घट्ट दाबलेलं. मग डाव्या हाताने उजव्या बाहीचा दोरा ओढायच्या निमित्ताने मी ते बाहीवरच्या एका बारीक हुकावर ढकलते. हुकावर आधीच चार टाके घातलेले असतात. बटण खाली सरकलं की टाके त्याच्यावर येतात. माझा हूक ओबडधोबड आहे, तुझ्यासमोर कसाबसा निभावला. टेबलावर माणसं एका हाताच्या अंतरावर असतात. बाही हातात धरून बघतात.

शर्ट पाठवते आहे. पांढरा, नवा.

तुझी बारकी

ता. क. निघताना तू दारापर्यंत आलीस. कधी येत नाहीस. बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

बारके,

शर्ट पाठवते आहे. उजवी बाही नीट बघ. सापडला हूक तर मला कळव. तुझा हूक मी उकलून फेकून दिला, तो खुंटी म्हणून भिंतीत ठोकायच्या लायकीचा होता. हा दाभणाच्या टोकाएवढा आहे, आणि भोवतीचं कापड शर्टाच्याच शिवणीतून काढलेल्या दोऱ्याने विणून झाकलंय. भिंगातूनही सापडायचा नाही. बटण ढकलताना जोर लावू नकोस, ते आपोआप जाईल.

हे करत बसले होते तेव्हा बाबांचा बटणांचा डबा समोर होता. आठवतं का गं तुला? तो रिकामा करून बाबांनी आत दोनच बटणं ठेवली होती, एक काळं, एक पांढरं. पांढरं जिच्या हाती येईल तिने मावशीकडे शहरात शिकायला जायचं, काळं जिच्या हाती येईल तिने बाबांजवळ या रफूच्या दुकानात बसायचं. तू धाकटी म्हणून आधी हात घातलास. मूठ काढलीस, किती वेळ मिटून धरली होतीस! मला वाटतं तेव्हापासूनच तुझी बटणांशी गट्टी जमली.

असो. जुनं उगाळत बसायची सवय लागली आहे, दिवसभर जुनेच कपडे समोर असतात.

एकच सांगते. आता हाताला नवं काही शिकवायला जाऊ नकोस. जसा चालतो तसा चालू दे. माझ्यासमोर केलंस अगदी तस्संच कर.

ताई

१७ मार्च

ताई,

नाही जमलं.

लिहिणारच नव्हते. पण तुला नाही तर कोणाला लिहू?

मी घाबरले नव्हते. हेच मला समजत नाही. हात कोरडे, श्वास शांत. अगदी तस्संच केलं, तुझ्यासमोर केलं तसं. बाही सगळ्यांनी आळीपाळीने हातात घेतली. एकाने तर भिंग लावलं, आणि म्हणाला, बाई, ही शिवण कोणाची? हिच्या पाया पडायला हवं. तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

पण त्याच्या आधी, मी बटण एका टकल्या गृहस्थाच्या मुठीत दिलं, तेव्हाच टेबलाच्या त्या टोकाचे एक दाढीवाले म्हातारे मान हलवायला लागले होते. खेळ अर्धाही झाला नव्हता. मी तसाच पुरा केला. त्यांनी कप उचलला, आणि करंगळी अशी ताठ वर करून चहा प्यायले, बड्या घरच्या बायका पितात म्हणे तसा. सगळे खो खो हसले. दुसऱ्यानेही करंगळी वर करून कप उचलला. मग तिसऱ्याने. मला वाटलं, आपण बाई आहोत म्हणून टवाळी चालली आहे. मीही हसले, ताई. त्यांच्याबरोबर हसले.

मग एकेकाने सांगितलं. नाही जमलं. नाही जमलं. नाही जमलं. माझ्या देखत वहीत नावावर रेघ मारली.

आता काहीच करता येणार नाही, पण एवढं मला कळायला हवं. तुला खरंच काही दिसलं नव्हतं का? अगदी बारीकसं, सांगण्यासारखं नसलेलं? मला वाईट वाटेल म्हणून नसशील बोललीस. मी रागावणार नाही. सांग.

बारकी

२५ मार्च

बारके,

दिसलं होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. याआधी तू कधी विचारलंच नाहीस. 'जमलं ना?', फार तर 'नक्की?' असं विचारायचीस. त्याला मी काय उत्तर देणार?

तुझी डावी करंगळी. डाव्या मुठीत काही लपवून घट्ट धरलंस की ती वर उचलली जाते. जरा नाही, चांगली उचलली जाते, कुत्रा कान टवकारतो तशी. म्हातारे चहा पीत नव्हते, तुला दाखवत होते. दंडक मोडून दाखवत होते बिचारे, आणि तू हसलीस.

फक्त याच खेळात नाही. नाण्याच्या खेळात उचलली. अंगठीच्या खेळात उचलली. तू खेळ बदलत राहिलीस, रात्री जागवल्यास, लग्न केलं नाहीस, आणि करंगळी दर वेळी तिच्या जागी हजर. एक वाक्य पुरलं असतं. प्रत्येक वेळी ते माझ्या जिभेवर यायचं, आणि मी म्हणायचे, नाही दिसलं. तू उड्या मारत जायचीस. मी खिडकीतून बघायचे.

पहिल्यांदा कधी दिसली ते सांगू? बटणांच्या डब्याच्या दिवशी. तू नऊ वर्षांची होतीस. डावा हात डब्यात घातलास, बाहेर काढलास, मूठ मिटलेली, आणि करंगळी वर. तेव्हा मला अर्थ कळला नाही. पुढे तू मावशीकडून सुट्टीत यायला लागलीस, खेळ दाखवायला लागलीस, आणि दर वेळी लपवताना ती करंगळी तशीच वर! मग कळलं. तू दुकानातून एक पांढरं बटण आधीच मुठीत घेऊन आली होतीस. डब्यात हात घातलास तो नुसता दाखवायला. डब्यातलं पांढरं कुठे सरकवलंस देव जाणे. तो तुझा पहिला खेळ, आणि तो माझ्यावर केलास.

वर्गात माझा पहिला नंबर असायचा. मावशीने माझ्यासाठी खोली लावली होती, तुझ्यासाठी नाही. त्यानंतर मी या खुर्चीवर बसले ती बसलेच. बाबांचं पथ्यपाणी, आईचं अंथरूण, लोकांच्या कोटांची भोकं. तू शहरातून यायचीस आणि म्हणायचीस, ताई, बघ ना.

मी बघितलं. जन्मभर दुसरं केलंय काय?

शिवण मात्र मी मन लावून केली होती. त्यांना सांग, पाया पडायची गरज नाही.

ताई

३० जून

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी करंगळीकडे बघायला शिकत होते.

पत्र आलं त्या संध्याकाळी आरशासमोर बसले आणि जन्मात पहिल्यांदा डाव्या हाताकडे बघितलं. बटण धरलं. उचलली गेली. सोडलं, खाली आली. खूप वेळ तेच करत बसले. दोऱ्याने शेजारच्या बोटाला बांधून पाहिली, तर बटणच पडतं. मग दुकानात येणाऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी दाबून, वाकवून पाहिलं आणि विचारलं, लहानपणी हे बोट चेचलं होतं का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, आतली शीर चुकीच्या जागी चिकटली आहे. मूठ घट्ट मिटली की हे बोट उचलणारच. मुठीत काही असो वा नसो.

मुठीत काही असो वा नसो, ताई. हे वाक्य परत वाच.

डब्याच्या दिवशी माझ्या मुठीत एकच बटण होतं, डब्यातलं. ते पांढरं निघालं. बदलायला मला येत कुठे होतं? ती हातचलाखी मी मावशीकडे गेल्यावर शिकले, शाळेच्या मधल्या सुट्टीत, घरची आठवण येऊ नये म्हणून. मूठ एवढा वेळ मिटून धरली, कारण मला जायचं नव्हतं. काळं असू दे, काळं असू दे, असं म्हणत होते. तुझ्यापासून लांब मला झोप लागायची नाही.

आणि बोट कसं चेचलं ते. आई सांगायची, वाऱ्याने दार लागलं. दुकानाचं मागचं दार. मी पाच वर्षांची, चौकटीला हात लावून उभी होते. तू आत होतीस, कडी तुझ्या हातात होती. मी बघत होते. तू दार ओढलंस.

आई धावत आली, तिने विचारलं, कोणी लावलं? तू भिंतीला चिकटून उभी होतीस, चेहरा पांढराफटक. मी रडत रडत म्हटलं, मला नाही दिसलं. मग आईनेच वारा ठरवला.

तेव्हा आपण दोघी एकच वाक्य बोलत आलो. मी एकदा, तू जन्मभर.

आता खेळाचं. तू म्हणालीस एक वाक्य पुरलं असतं. खरं आहे. उचलणारी करंगळी म्हणजे दोष नाही, घबाड आहे. सगळे तिच्याकडे बघतात. मूठ रिकामी मिटायची, ती उचलू द्यायची, आणि खुणेचं बटण केव्हाच उजव्या हातात, हूकही आता डाव्या बाहीवर. कळल्यावर बटणाचा खेळ नव्याने रचायला मला एक दुपार लागली. त्या दाढीवाल्यांच्या घरी जाऊन दाखवला. ते डाव्या मुठीवर असे झेपावले! ती रिकामी निघाली, तेव्हा त्यांनी माझी बाही हातात धरून पाहिली. मग म्हणाले, जमलं. पण खोडलेलं नाव परत लिहीत नाहीत. तर खेळ त्यांच्या नावाने छापला जातोय. मी हो म्हटलं. निदान बटण तरी शिवलं जाईल कुठेतरी.

हा खेळ तुला दाखवायला येणार नाही. शर्ट सोबत परत पाठवते आहे. बाही उकलू नकोस, ती खरंच सुंदर आहे.

बारकी

५ जुलै

बारके,

पत्र वाचलं. दुकान बंद ठेवलं आहे. खिडकीला पडदा लावला. लोक दार वाजवून जातात.

मला वाराच आठवतो गं. आईने इतक्यांदा सांगितलं की पडदा उडालेलासुद्धा आठवतो. पण त्या दाराला पडदा नव्हता, हे काल मागे जाऊन बघितलं तेव्हा ध्यानात आलं. खिळ्याची भोकंसुद्धा नाहीत चौकटीला. मग मी काय बघत आले इतकी वर्षं?

कडीचा गारपणा आठवतो. तू ओरडलीस ते आठवतं. मधलं काही नाही. आपलं काहीतरी भांडण झालं होतं का त्या दिवशी? माझी बाहुली तू घेतली होतीस, तो हाच दिवस का? की मी खेळत होते आणि तू तिथे आहेस हे मला माहीतच नव्हतं?

बटणाचं मी चुकले. ते माझ्या माथी घेते, त्याला औषध नाही. तू येणार नाही म्हणालीस, येऊ नकोस. पण हे एक मला सांग. तू समोर होतीस. तूच एकटी बघत होतीस. दार ओढताना मी तुझ्या हाताकडे बघत होते का? मुद्दाम केलं मी? जे असेल ते सांग, मला सोसेल. न कळणं सोसत नाही. सुईत दोरा जात नाही बघ दोन दिवस झाले.

मी परत असं काही मागणार नाही. एवढं एक सांग.

तुझी ताई

२८ जुलै

ताई,

नाही दिसलं.

बारकी